बँड तर आला, पण ही दोन प्रथिनं खरंच एकमेकांना धरतात का?

हिमकण · सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. पुण्यात पीएचडी करते, चौथं वर्ष चालू आहे. इथे प्रयोगशाळेत आयुष्य काढलेली बरीच मंडळी आहेत, म्हणून मोकळेपणाने विचारते.

माझं एक प्रथिन आहे, त्याला 'अ' म्हणू. राहतं पेशीकेंद्रकात. त्याचा जोडीदार शोधायला यीस्ट टू-हायब्रिड (दोन प्रथिनं एकमेकांना धरतात का हे यीस्टच्या पेशीत बघण्याची पद्धत) केलं आणि 'ब' हे प्रथिन तीन वेगवेगळ्या वसाहतींमधून निघालं. निळा रंग छान आला, हिस्टिडीन नसलेल्या माध्यमावर वाढही झाली. मग मानवी पेशींमध्ये दोन्ही घातली, 'अ'ला फ्लॅग आणि 'ब'ला एचए हे टॅग (ओळखपट्टीसारखे छोटे तुकडे) लावून को-आयपी केली, म्हणजे एकाला अँटिबॉडी लावलेल्या बीड्सनी ओढायचं आणि दुसरं सोबत येतं का बघायचं. फ्लॅगच्या बीड्सनी 'अ' ओढलं, एचए अँटिबॉडीने ब्लॉट केला (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं पडद्यावर घेऊन अँटिबॉडीने शोधणं), तर 'ब'चा बँड, म्हणजे पट्टा, ठसठशीत. रिकाम्या व्हेक्टरच्या (प्रथिनाचं जनुक नसलेल्या डीएनएच्या) लेनमध्ये काहीच नाही.

गाईड खूश आहेत. पेपर लिहायला घे म्हणाले. पण दोन गोष्टी मला झोपू देत नाहीत. एक म्हणजे, टॅग न लावता पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांवर हाच प्रयोग केला तर चारपैकी एकदाच बँड आला, तोही फिकट. दुसरी म्हणजे, धुण्याच्या बफरमध्ये मीठ १५० मिलिमोलरवरून ३०० केलं की सगळंच जातं. "अ आणि ब थेट बांधले जातात" हे वाक्य टाइप करते आणि पुसते. काय करू?

---

निशाचर · सोमवार, रात्री ११:५८

उलटी आयपी केलीस का? म्हणजे एचएने 'ब' ओढून फ्लॅगने 'अ' बघणे. ती आधी कर. आणि इनपुट लेन (ओढण्याआधीच्या मिश्रणाचा नमुना) किती टक्के लोड करतेस तेही सांग. इनपुट ५ टक्के असेल आणि आयपीचा बँड त्याच्याहूनही फिका असेल तर बाकी चर्चा वेगळी होते.

---

हिमकण · मंगळवार, सकाळी ८:१०

उलटीही जमते, निशाचर. इनपुट ५ टक्के, आयपीचा बँड साधारण तेवढाच गडद. अर्थात हे सगळं टॅगवाल्या प्रथिनांचं.

---

उत्तरध्रुव · मंगळवार, दुपारी १:३०

हिमकण, मी स्वीडनमध्ये असते आणि माझं काम बहुतेक वेळ सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्सवर, म्हणजे रेणूंचं बांधलं जाणं आणि सुटणं मोजणाऱ्या यंत्रावर, चालतं. तुझ्या फिकट बँडबद्दल थोडं गणित मांडते, कारण को-आयपी करणारे हे गणित फारसं करत नाहीत, असं मला दिसलं आहे.

दोन रेणूंचं बंधन किती घट्ट, ते दोन वेगांवर ठरतं. एकत्र येण्याचा वेग आणि सुटण्याचा वेग. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की केडी मिळतो, तो जितका कमी तितकं बंधन घट्ट. समज, सुटण्याचा वेग सेकंदाला ०.००१ आहे. म्हणजे अर्धी जोडपी सुटायला जवळपास ६९३ सेकंद, साडेअकरा मिनिटं लागतात. तू बीड्स पाच वेळा धुतेस, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. एकूण २५ मिनिटं. सुटलेलं प्रथिन बफरबरोबर वाहून गेलं असं धरलं तर शेवटी उरतात २२ टक्के जोडपी. फिका बँड, पण दिसेल.

आता सुटण्याचा वेग ०.१ धर. अर्धायुष्य सात सेकंद. पहिलं धुणं संपायच्या आत सगळं गेलेलं असेल. पेशीत मात्र हेच बंधन अगदी खरं आणि महत्त्वाचं असू शकतं, कारण तिथे सुटलेला रेणू लगेच पुन्हा पकडला जातो. म्हणून बँड नाही याचा अर्थ "बांधत नाहीत" असा मी कधीच घेत नाही. को-आयपीला एवढंच विचारलेलं असतं, की इतका वेळ धुऊनही कोण चिकटून राहिलं?

आमच्या यंत्रात हे वेग डोळ्यांसमोर दिसतात. काचेवर साधारण ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा पापुद्रा असतो. त्यावर एक प्रथिन बसवायचं, दुसरं वरून वाहतं सोडायचं. खालून टाकलेला प्रकाश एका ठराविक कोनात सोन्यातले इलेक्ट्रॉन हलवतो आणि त्या कोनात परावर्तित प्रकाश घटतो. पृष्ठभागावर वस्तुमान वाढलं की तो कोन सरकतो. त्यामुळे रेषा चढताना बांधलं जाणं दिसतं आणि नुसतं बफर सोडलं की उतरताना सुटणं दिसतं. कुठलाही रंग, कुठलाही टॅग लागत नाही. उप्साला इथे १९९० मध्ये बायाकोअरचं पहिलं व्यापारी यंत्र आलं, तेव्हापासून ही पद्धत घरोघरी झाली. पण त्यासाठी तुला शुद्ध प्रथिनं लागतील. आहेत का?

---

सातारी_मिरची · मंगळवार, रात्री ९:०५

मी टीवायबीएस्सीला शिकवते. धागा वाचून विद्यार्थ्यांना दाखवावासा वाटतोय. यीस्ट टू-हायब्रिड पुस्तकात वाचलंय, शिकवलंयही, पण "निळा रंग आला" म्हणजे नक्की काय सिद्ध झालं, हे कुणी नीट सांगेल का?

---

कोल्डरूम · मंगळवार, रात्री १०:४५

सांगतो, ताई.

यीस्टमध्ये गॅल४ नावाचं प्रथिन आहे. त्याचे दोन भाग वेगळे करता येतात. एक भाग डीएनएवरच्या ठराविक जागी जाऊन बसतो. दुसरा भाग जनुक चालू करतो. दोन्ही भाग तुकडे होऊन वेगळे फिरत राहिले तर काहीच घडत नाही. स्टॅनली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी १९८९ मध्ये असं केलं, की पहिल्या भागाला एक प्रथिन जोडलं आणि दुसऱ्या भागाला दुसरं. ही दोन प्रथिनं एकमेकांना धरत असतील तर गॅल४चे दोन्ही भाग पुन्हा शेजारी येतात, जनुक चालू होतं आणि वसाहत निळी होते. त्यांनी यीस्टचीच एसएनएफ१ आणि एसएनएफ४ ही जोडी वापरली होती.

ही कल्पना फार देखणी आहे. ३५ वर्षांनंतरही मला ती शिकवताना आनंद होतो. पण निळा रंग एवढंच सांगतो की डीएनएवर बसलेल्या भागाजवळ जनुक चालू करणारा भाग पोचला. तो तिथे कुणाच्या मदतीने पोचला हे सांगत नाही. काही प्रथिनं एकटीच जनुक चालू करतात, त्यांना जोडीदाराची गरजच नसते. काही इतकी चिकट असतात की कुणालाही धरतात. पेशीपटलातली प्रथिनं यीस्टच्या केंद्रकात धड घडीच घेत नाहीत, म्हणून ती निसटतात. आणि कधी कधी यीस्टचा तिसराच रेणू मध्ये उभा राहून दोघांना धरतो.

याच तिसऱ्या रेणूचा नंतर उपयोग करून घेतला गेला. १९९६ मध्ये मार्विन विकन्स आणि फील्ड्स यांच्या गटांनी थ्री-हायब्रिड आणलं. त्यात मधला दुवा मुद्दाम आरएनएचा असतो आणि त्यावरून आरएनए धरणारी प्रथिनं शोधतात.

हिमकण, हे मी तुझ्यासाठीही लिहितोय. तुझ्या 'अ'वर धनभारित अमिनो आम्लं खूप आहेत का? लायसिन, आर्जिनिन? मीठ वाढवलं की जोडी सुटते हे वाचून माझ्या डोक्यात एकच शंका आली आहे.

---

परळकर · बुधवार, सकाळी ६:२०

हिमकण, मी मुंबईतल्या एका रक्तपेढीत ३१ वर्षं तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त आहे. तुमची यंत्रं मी वापरली नाहीत. पण रेणू रेणूला धरतो की नाही हे रोज परीक्षानळीत बघितलं आहे, तेही नुसत्या डोळ्यांनी. तांबड्या पेशींच्या गुठळ्या झाल्या की अँटिबॉडीने अँटिजेन धरलं.

एक गोष्ट सांगतो. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये बॉम्बे रक्तगटाची नोंद केली. या माणसांच्या पेशी अँटि-ए किंवा अँटि-बी कशानेही गुठळत नाहीत. म्हणजे नुसत्या पेशी तपासल्या तर गट 'ओ' दिसतो. पण त्यांच्या रक्तद्रवाला 'ओ' गटाच्या पेशी दिल्या की जोरदार गुठळ्या होतात, कारण त्यांच्यात एच अँटिजेनच नसतं आणि अँटि-एच असतं. एकाच बाजूची तपासणी करून 'ओ' गटाची बाटली लावली तर रुग्ण दगावू शकतो. आम्ही पेशींची आणि रक्तद्रवाची तपासणी दोन्ही करायचो आणि दोन्ही जुळल्याशिवाय सही करायचो नाही. नवीन मुलांना हे मी पहिल्या दिवशी दाखवायचो.

दुसरी गोष्ट कुळथाची. आपण पिठलं करतो तेच कुळीथ. भिजवून, मिठाच्या पाण्यात वाटून, गाळून घेतलं की त्यातलं लेक्टिन (साखर धरणारं प्रथिन) ए गटाच्या ए१ या उपगटातल्या पेशींना गुठळवतं. योग्य प्रमाणात पातळ केलं तर ए२ पेशींना हात लावत नाही. हे जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं, ते पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात होते. आजही रक्तपेढीत ए१ आणि ए२ वेगळे करायला हेच लेक्टिन वापरतात.

आता मुद्द्याचं. कुळथाच्या अर्काने गुठळ्या झाल्या, पण त्या लेक्टिननेच झाल्या हे कशावरून? अर्कात आधी एन-ॲसिटाइलगॅलॅक्टोसामाइन ही साखर घालायची. लेक्टिन ही साखर धरतं, त्याचे हात भरतात, मग पेशी गुठळत नाहीत. दुसरी, न धरली जाणारी साखर घातली तर गुठळ्या होतातच. ज्याने बंधन सुटायला हवं त्याने सुटतं आणि ज्याने सुटू नये त्याने सुटत नाही, हे दोन्ही दिसल्यावरच मी मान्य करायचो. तुमच्या अ आणि ब ला सोडवणारी अशी नेमकी चावी तुमच्याकडे आहे का?

---

हिमकण · बुधवार, रात्री १०:१५

परळकर काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नाही, अशी चावी माझ्याकडे नाही. 'ब'चा कुठला भाग 'अ'ला धरतो हेही मी अजून कापून पाहिलेलं नाही.

कोल्डरूम दादा, हो. 'अ'च्या शेवटच्या भागात आर्जिनिन भरपूर आहेत. उत्तरध्रुव ताई, शुद्ध 'अ' आहे, ई. कोलायमधून निकेल कॉलमवर काढलेलं. 'ब'सुद्धा आहे, जीएसटी या प्रथिनाचा टॅग लावलेलं. जीएसटी पुलडाऊन (शुद्ध 'ब' बीड्सवर बसवून शुद्ध 'अ' त्याला चिकटतं का बघणं) दोनदा केला होता, 'ब'च्या बीड्सवर 'अ' चिकटतं. नुसत्या जीएसटीवर चिकटत नाही.

---

कोल्डरूम · बुधवार, रात्री १०:३२

तुझ्या शुद्ध 'अ'चं २६०/२८० (या दोन तरंगलांबींच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर) किती आहे?

---

हिमकण · बुधवार, रात्री १०:५०

वहीत बघते… १.१.

---

कोल्डरूम · बुधवार, रात्री ११:४०

मग ते शुद्ध नाही.

निव्वळ प्रथिनाचं २६०/२८० साधारण ०.६ असतं. निव्वळ आरएनएचं २ च्या आसपास. न्यूक्लिक आम्ल २६० नॅनोमीटरला इतकं जास्त प्रकाश शोषतं की थोडंसं असलं तरी गुणोत्तर वर जातं. तुझ्या १.१ मध्ये ई. कोलायचं आरएनए किंवा डीएनए 'अ'ला चिकटून आलेलं आहे. जेलवर कूमासी रंगात ते दिसत नाही, कारण कूमासी प्रथिनालाच रंगवतं. एकच स्वच्छ पट्टा दिसतो आणि आपण समाधानी होतो. मी स्वतः पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षी असेच सात महिने घालवले, म्हणून हे कळकळीने लिहितोय.

माझी शंका अशी: अ आणि ब एकमेकांना धरत नाहीत. दोघेही एकाच आरएनए किंवा डीएनएच्या धाग्याला धरून बसले आहेत. यीस्टमध्ये यीस्टचा धागा, पुलडाऊनमध्ये ई. कोलायचा, मानवी पेशीत मानवी. तुझे तिन्ही प्रयोग खरे असतील आणि तरीही "थेट" हा शब्द खोटा ठरेल. मीठ वाढवल्यावर सुटणंही यात बसतं, कारण फॉस्फेटचा ऋणभार आणि आर्जिनिनचा धनभार यांची ओढ मीठ कमी करतं.

करायचं काय ते सांगतो. लायसेटचे (फोडलेल्या पेशींच्या द्रावाचे) चार भाग कर. एक तसाच ठेव, एकात आरएनेज ए (आरएनए कापतं), एकात डीएनेज १ (डीएनए कापतं), एकात बेन्झोनेज (दोन्ही कापतं). मग नेहमीसारखी को-आयपी. तुझ्या लायसिस बफरमध्ये ईडीटीए आहे का ते आधी पहा. बेन्झोनेज आणि डीएनेज दोघांना मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए ते पकडून बसतं. मग एन्झाइम नुसतं पडून राहतं आणि आपल्याला वाटतं की न्यूक्लिक आम्लाचा संबंध नाही. आरएनेज ए मॅग्नेशियमशिवाय चालतं.

आणि शुद्ध 'अ' पुन्हा बनव. निकेल कॉलमवर असतानाच १ मोलर मिठाने धू, मग हेपॅरिन कॉलम, तोही न्यूक्लिक आम्ल वेगळं करायलाच. ०.६ च्या जवळ येईपर्यंत पुलडाऊन करू नकोस.

---

सातारी_मिरची · गुरुवार, सकाळी ७:४५

जिवंत पेशीत फ्रेट करून पाहिलं तर हा प्रश्न सुटणार नाही का? दोन चमकणारी प्रथिनं जवळ आली की एकाची ऊर्जा दुसऱ्याला जाते, असं आम्ही शिकवतो.

---

उत्तरध्रुव · गुरुवार, दुपारी १२:१०

जवळ आली हे कळेल, ताई. फ्रेट अंतराच्या सहाव्या घाताने घटतं, म्हणून १ ते १० नॅनोमीटरच्या टप्प्यात ते उत्तम मोजपट्टी आहे. पण एकाच आरएनएवर शेजारी बसलेली दोन प्रथिनंही त्या टप्प्यात येतात. बायोआयडीचंही (शेजारच्या प्रथिनांना बायोटिनची खूण लावणारी पद्धत) तेच, त्याचं बायोटिन साधारण १० नॅनोमीटरच्या परिसरातल्या सगळ्यांना लागतं. या दोन्ही पद्धती "शेजारी कोण?" याचं उत्तर देतात. हिमकणला हवं आहे "हातात हात कुणाचा?" याचं उत्तर, आणि त्यासाठी शुद्ध रेणूंकडेच यावं लागतं.

हिमकण, माझ्या यंत्राचा मोह आत्ता टाळ. आमच्या चिपवर ऋणभारित डेक्स्ट्रानचा थर असतो आणि आर्जिनिनने भरलेली प्रथिनं त्या थरालाच चिकटतात. रेषा चढते आणि ती बंधनाची वाटते. न्यूक्लिक आम्ल काढल्यावरही जोडी टिकली तर केडी काढायला आयसोथर्मल टायट्रेशन कॅलोरिमेट्री बरी. त्यात पृष्ठभागच नसतो, द्रावणात बांधताना जी उष्णता निघते किंवा शोषली जाते ती थेट मोजतात. प्रथिन भरपूर लागतं हे खरं, आणि दोन्ही प्रथिनं एकाच भांड्यातल्या बफरमध्ये डायलिसिस केलेली हवीत, नाहीतर दोन बफर मिसळण्याची उष्णताच मोजली जाते.

---

निशाचर · गुरुवार, दुपारी १२:४०

अल्फाफोल्ड ३ ला (रेणूंच्या रचनेचा अंदाज करणाऱ्या एआयला) विचारलंस का? मे २०२४ पासून त्याला आरएनएही देता येतं.

---

हिमकण · गुरुवार, रात्री ९:३०

विचारलं. अ आणि ब चं एकत्र मॉडेल काढलं तर आयपीटीएम (जोडणीवर मॉडेलचा विश्वास किती, १ पैकी) ०.३ च्या खाली. तेव्हा मी ते बाजूला ठेवलं होतं, 'अ'चा बराच भाग मोकळा लोंबता आहे म्हणून मॉडेल जमत नसेल असं समजून. ईडीटीए माझ्या बफरमध्ये आहे, १ मिलिमोलर. उद्यापासून नवीन बफर. थोडे आठवडे द्या मला.

---

हिमकण · पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:००

मंडळी, परत आले.

चार भागांची को-आयपी तीनदा केली. काही न घातलेल्या लेनमध्ये बँड नेहमीसारखा. डीएनेजमध्ये बँड जसाच्या तसा. आरएनेज ए मध्ये बँड नाही. बेन्झोनेजमध्येही नाही. तिन्ही वेळा हेच. डीएनेज चालतंय ना हे त्याच लायसेटमधलं डीएनए जेलवर चालवून तपासलं, ते पूर्ण कापलं गेलं होतं.

नवीन 'अ' बनवलं. हेपॅरिननंतर २६०/२८० आलं ०.६२. पुलडाऊनमध्ये आता 'ब'वर 'अ' चिकटत नाही.

पहिल्या दिवशी ब्लॉट पाहिल्यावर कोल्ड रूममध्ये बराच वेळ उभी राहिले. चार वर्षांतला माझा मुख्य निकाल तोच होता. दुसऱ्या दिवशी गाईडना दाखवला. त्यांनी शांतपणे सगळं बघितलं आणि म्हणाले, पेपरचा आराखडा बाजूला ठेवू, हे आधी समजून घेऊ.

---

कोल्डरूम · रविवार, संध्याकाळी ५:२०

काम चोख केलं आहेस. एकच विचारतो. आरएनए काढल्यावर काही प्रथिनं गोळा होऊन तळाशी बसतात आणि मग बँड जातो तो त्यामुळे. आरएनेज लेनच्या इनपुटमध्ये 'ब' शिल्लक आहे का? तेही स्पिन केल्यानंतरच्या वरच्या द्रावात?

---

हिमकण · रविवार, संध्याकाळी ६:०५

आहे, दादा. ब आणि अ दोन्ही, न घातलेल्या लेनइतकेच. आयपीमध्ये 'अ'ही सारखंच ओढलं गेलं आहे. फक्त 'ब' येत नाही.

---

परळकर · सोमवार, सकाळी ६:१५

मग तुमची चावी सापडली की. आता उलट बाजू राहिली. कुळथाच्या अर्काला साखर देऊन गुठळी थांबवली, तसं तुम्ही आरएनए काढून बंधन थांबवलं. आता आरएनए परत दिलं तर बंधन परत येतं का? आणि कुठलंही आरएनए चालतं की ठराविकच?

---

हिमकण · गुरुवार, रात्री ११:५५

काका, केलं. ०.६२ वालं 'अ' आणि जीएसटी-ब घेतलं. मानवी पेशींचं एकूण आरएनए घातलं, 'अ' परत चिकटलं. तितकंच यीस्टचं टीआरएनए घातलं, नाही चिकटलं. आत्तापर्यंत दोनदाच झालंय, तिसऱ्यांदा उद्या.

म्हणजे कुठलंही आरएनए नाही. कुठलं तरी ठराविक. ते कुठलं हा आता माझा प्रश्न आहे आणि चौथ्या वर्षात तो हातात आल्याची भीती वाटण्याऐवजी मला कामाला लागावंसं वाटतंय. गाईडशी बोलून क्लिप करायचं ठरलं. जिवंत पेशींवर २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकून प्रथिन आणि आरएनए जागच्या जागी सांधायचे, मग 'अ' ओढून त्याला चिकटलेल्या आरएनएचा क्रम वाचायचा. क्रॉसलिंकरची वेळ मंगळवारची मिळाली आहे. कुणी केलं असेल तर डोस किती ठेवू?

---

उत्तरध्रुव · शुक्रवार, दुपारी २:२०

दर चौरस सेंटिमीटरला १५० मिलिजूलपासून सुरुवात कर. पेशी बर्फावर ठेव. माध्यम पूर्ण काढून थोडं थंड पीबीएस घाल, कारण माध्यमातलं फिनॉल रेड आणि सीरम हा प्रकाश शोषून घेतात. एक प्लेट प्रकाश न दिलेली बाजूला ठेव, ती तुझी कंट्रोल. आणि प्लेटचं झाकण काढायला विसरू नकोस, प्लास्टिकमधून २५४ आत जात नाही.